दुपारी बंद पडणारा राउटर

९ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाई आज सकाळच्या गाडीने गेल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "जावई, तिच्याशी बोलत राहा. गप्प बसू देऊ नका." मी हो म्हणालो. रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी मास्तरीण खिडकीत हात हलवत होती.

मास्तरीण म्हणजे बायको. गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून लग्नाआधीपासून मी तिला हेच म्हणतो. सध्या शिकवण्या बंद आहेत. जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. जिवंत नव्हती. एवढं एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहायला नको.

ही नोंद ठेवतोय ती राउटरसाठी. मी पाण्याच्या मीटरांचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथे एखादी चूक शोधायला घेतली की रोज काय केलं ते लिहून ठेवायची सवय आहे. नाहीतर माणूस त्याच त्या गल्लीत परत परत फिरत राहतो.

तर राउटर. तो छोट्या खोलीत आहे, कारण इंटरनेटची तार तिथून आत येते. आमचं घर तळमजल्यावर, दोन्ही बाजूंना उंच इमारती, घरात मोबाइलला सिग्नल नाही. फोन, निरोप, व्हिडिओ कॉल, सगळं या एका डबीवर. गेले काही आठवडे ती मधूनच मुकी होते. दिवे चालू, वायफाय बंद. काल माझी मोठी बहीण मास्तरणीशी बोलत होती. "अगं, तुमचं वय काय, पुन्हा—" इथे ताईचा चेहरा पडद्यावर गोठला. तोंड उघडंच. मी राउटरकडे धावलो तर मास्तरीण म्हणाली, "राहू दे. असंच राहू दे."

राउटरमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. कुठले कुठले हौशी लोक मिळून एक फुकट फर्मवेअर बनवतात, कोणालाही वाचता येईल, बदलता येईल असं. ते मी मागच्या वर्षी टाकलं होतं. म्हणजे चूक जी काही आहे ती उघड्यावर आहे. नीट बघितलं तर दिसेल. सुट्टी आहेच. उद्यापासून लागतो.


११ फेब्रुवारी

फर्मवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर शोधलं. याच मॉडेलबद्दल तक्रारी आहेत. बहुतेकांनी चार शिव्या घालून दुसरा राउटर घेतलाय. एक बाई मात्र चिकाटीने लिहीत आलीय. कुठल्याशा डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात सिस्टर आहे.

"आमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस पडद्यावर. पेशंट दाखवत असतानाच बंद पडतं. मी वायर उपटून परत लावते, पण तोवर डॉक्टर पुढच्या केंद्राकडे गेलेले असतात. दुसरा राउटर मागितला तर वरून उत्तर येत नाही. कोणीतरी बघा ना."

तिला उत्तर देणारा माणूस स्वतःला 'कोळी' म्हणवतो. जाळं विणणारा की जाळं टाकणारा, ठाऊक नाही. या मॉडेलची जबाबदारी त्याच्याकडे आहे. त्याने लिहिलं होतं, "दोष वायरलेस चिपच्या ड्रायव्हरमध्ये असावा. माझ्याकडे हा राउटरच नाही. ज्याच्याकडे राउटर आणि वेळ दोन्ही आहे त्याने पुढे व्हावं."

माझ्याकडे दोन्ही आहे. तसं कळवलं.

ड्रायव्हर म्हणजे चिप आणि बाकीचा राउटर यांच्यामधला दुभाष्या. वायरलेसचा ड्रायव्हर मी जन्मात उघडून बघितला नव्हता. आज बघितला. मीटरच्या मानाने हे म्हणजे पोहायला शिकलेल्याला समुद्रात ढकलण्यासारखं आहे. पण वाचताना बरं वाटलं. बरं म्हणजे, काही वाटलं नाही.


१२ फेब्रुवारी

राउटर उघडला. आतल्या पट्टीवर तीन बारीक तारा डाग देऊन जोडल्या आणि जुन्या लॅपटॉपला लावल्या. आता राउटर मनातल्या मनात जे पुटपुटतो ते सगळं लॅपटॉपवर साठत जाईल. एक तार दोनदा निघाली.

छोट्या खोलीत टेबल नाही. पाळण्याचं खोकं भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे, न उघडलेलं. ते आडवं केलं आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. उंची बरोबर जमली.

मास्तरीण दारात येऊन उभी राहिली. "किती वेळ लागेल?" म्हणाली. मी म्हणालो, एखादा आठवडा. ती म्हणाली, "नाही, आत्ता इथे किती वेळ आहेस?" मी म्हणालो, झालंच. आणि खरंच झालं होतं, म्हणून बाहेर आलो.


१६ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून अर्धा दिवस ऑफिस. दुपारी जायचं, संध्याकाळी परत.

सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी झोपलोय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवला. "हवा तेवढा वेळ घे रे," म्हणाले, आणि हात खांद्यावर तसाच ठेवून, "तेवढं ते मीटरची बॅटरी लवकर उतरण्याचं बघशील का?" मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या दुसऱ्या वाक्याने जीव भांड्यात पडला.

घरी येऊन आधी लॅपटॉप बघितला. राउटर दोनदा बंद पडला होता.


१८ फेब्रुवारी

गंमत आहे. बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार: आधी बारीकसारीक तक्रारी येतात, "रांग भरली", "उत्तर नाही", मग वायफाय मुकं. राउटर जिवंतच असतो, पुटपुटत असतो. ताईच्या कॉलला झालं ते हेच.

दुसरा प्रकार: काही तक्रार नाही. छान चाललेलं असतं आणि शब्दाच्या मध्येच कापल्यासारखं थांबतं. बऱ्याच वेळाने नव्याने सुरुवात, जणू काही झालंच नाही. हे फक्त दुपारी, मी ऑफिसात असताना.

दोन्हींचं मूळ एकच असणार. एकाच राउटरला दोन वेगवेगळे रोग कशाला होतील?

मास्तरणीला विचारलं, दुपारी इंटरनेट जातं का. म्हणाली, "जातं कधीकधी." मग परत कसं येतं? "येतं." तिला यात रस नाही, साहजिक आहे.


२० फेब्रुवारी

दुसरा प्रकार आजही. वीजच जात असेल असं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं तर म्हणाले, दुपारभर त्यांचा पंखा चालू होता. काका निवृत्त आहेत, दुपारचा पंखा हा त्यांचा आवडीचा विषय आहे. त्यांनी स्वतःहून त्यांची बॅटरीची पेटी आणून दिली. "वीज गेली तरी हिच्यावर चालेल. तुम्ही निवांत काम करा." जिना उतरताना त्यांना धाप लागली होती. पेटी ठेवून ते क्षणभर छोट्या खोलीत बघत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "इथे ऊन फार येतं हो."

खरं आहे. खिडकी पश्चिमेला आहे. पडदा शिवून आलाय, लावायचा राहिलाय.


२३ फेब्रुवारी

बॅटरीची पेटी लावूनही दुपारी बंद. म्हणजे वीज नाही.


२४ फेब्रुवारी

नवा अॅडॅप्टर लावला. दुपारी बंद. म्हणजे अॅडॅप्टर नाही.

आज मास्तरीण छोट्या खोलीत जमिनीवर झोपलेली होती, मी आलो तेव्हा. तिथे वारा येतो म्हणाली. येत असेल. गालावर फरशीच्या रेघा उमटल्या होत्या. मी लॅपटॉप बघेपर्यंत ती तशीच पडून राहिली. "काय म्हणतोय तुझा पेशंट?" तिने विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. पेटीचं, अॅडॅप्टरचं, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू किती छान समजावतोस रे."


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला प्रकार सापडला! सापडला असं वाटतंय.

चिपची पाकिटं (म्हणजे माहितीचे छोटे तुकडे) पाठवून झाली की ती घंटा वाजवते. ड्रायव्हर उठतो, आधी घंटा बंद करतो (सारखी किणकिण नको), झालेली पाकिटं उचलतो, काही उरलं नाही ना बघतो, घंटा पुन्हा चालू करतो आणि झोपतो. घोळ इथे आहे: काही उरलं नाही हे बघणं आणि घंटा चालू करणं, यांच्यामध्ये एक फट आहे. केसाएवढी. त्या फटीत नेमकं एखादं पाकीट पुरं झालं तर घंटा वाजतच नाही. चिप समजते, मी कळवलंय. ड्रायव्हर समजतो, काही आलेलं नाही. आपापल्या जागी दोघांचं बरोबर आहे. मागे रांग साठत जाते.

व्हिडिओ कॉलमध्ये पाकिटं फार, म्हणून तेव्हाच जास्त होतं. सिस्टरचं केंद्र, ताईचा कॉल, सगळं जुळतं.

लगेच एक पॅच लिहिला, म्हणजे कोडातली दुरुस्ती: बराच वेळ शांतता असेल तर चिपला झटका देऊन उठवायचं. कोळीकडे पाठवला. सिस्टरला कळवलं. तिने लिहिलं, "सर, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा वेळ मला देताय."

'सिस्टर' असं वाचलं की मला त्या दिवशीची सिस्टर आठवते. दुलईसारखं काहीतरी गुंडाळून आणलं होतं तिने, आणि विचारलं होतं, "घेणार का?" मी घेतलं होतं. हे लिहायचं नव्हतं.


२ मार्च, सोमवार

कोळीने पॅच परत पाठवला. "हे म्हणजे झोपलेल्याला अधूनमधून थोबाडीत मारणं. तो उठेल, पण झोप का लागते ते कोण बघणार? फट तूच शोधलीस ना? मग ती बुजव." खडूस आहे. बरोबर आहे.

जेवताना मास्तरीण म्हणाली, "तू बाहेर होतास ना? की आत?"

"कधी?"

"तेव्हा."

"बाहेर. मग त्यांनी आत बोलावलं."

"मग?"

"मग तुला वॉर्डात आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, शुद्धीवर यायला वेळ लागेल."

"आणि मधे?"

मी आठवून बघितलं. "मधे खूप वेळ गेला," म्हणालो. "त्या पॅसेजमधली एक नळी सारखी फडफडत होती, दिव्याची. चोक खराब असणार."

तिने ताटं उचलली. माझं जेवण व्हायचं होतं. तिच्या लक्षात आलं नसावं.


३ मार्च

ताईचा फोन. मास्तरीण आत होती म्हणून मी घेतला. ताई म्हणाली, "तिच्यासमोर विषय काढू नकोस हं. बघितलं नाही तेच बरं झालं तिने. जे बघितलंच नाही ते माणूस लवकर विसरतं." सासूबाईही दवाखान्यात हेच म्हणाल्या होत्या. दोघी जाणत्या आहेत. मी विषय काढत नाही. सोपं आहे तसं.


४ मार्च

फट बुजवली. आता ड्रायव्हर घंटा चालू करतो आणि मग झोपण्याआधी पुन्हा एकदा रांगेकडे बघतो. काही आलं असेल तर परत उठतो. शिवाय ही चिप आळशी आहे, 'घंटा चालू कर' म्हटलं की लगेच करत नाही. म्हणून केलंस ना, असं तिला विचारून घ्यायचं. सगळ्या मिळून मोजक्या ओळी. एवढ्यासाठी इतके दिवस.

सकाळभर राउटरला मुद्दाम ताण दिला. काकांना वरून व्हिडिओ लावायला सांगितला, मी इकडे दोन लॅपटॉप आणि फोनवर लावला. एकदाही मुकं झालं नाही. काकांनी खेळाच्या जुन्या सामन्याचा व्हिडिओ लावला होता, तो संपल्यावरही त्यांना बंद करवेना.

सिस्टरला नवी फाइल पाठवली.

दुपारी दुसऱ्या प्रकाराने बंद पडला. म्हणजे दोन रोग आहेत.


५ मार्च

सिस्टरचा निरोप: "सर, काल फाइल टाकली आणि लगेच परीक्षाच झाली. डॉक्टर खूप वेळ पडद्यावर होते, एकदाही तुटलं नाही. मी एकटी होते, त्यांनी एकेक पायरी सांगितली. बाळंतपण होतं. अडलेलं. दोघी सुखरूप आहेत. मुलगी आहे."

वाचून लॅपटॉप मिटला. मास्तरणीने विचारलं, कोणाचं काय? म्हटलं, काही नाही, फाइल चालली.

संध्याकाळी येताना भाजी आणली. ब्रेड संपला होता तो विसरलो.


७ मार्च, शनिवार

हे कालचं. काल लिहिणं झालं नाही.

काल ऑफिसात बसल्याबसल्या उत्तर सुचलं: ऊन. पश्चिमेची खिडकी, पडदा नाही, दुपार. राउटर तापतो, स्वतःला वाचवायला बंद पडतो, गार झाला की सुरू होतो. सगळं चपखल बसत होतं. काका तर म्हणालेही होते. मी साहेबांना सांगून लवकर निघालो, वाटेत एक छोटा पंखा घेतला, डबीवर वारा घालायला.

घरात शांत होतं. छोट्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं. मास्तरीण बोर्डाखाली भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. मांडीवर राउटरचा प्लग होता.

मी म्हणालो, "अगं, तो काढलास कशाला?"

ती म्हणाली, "बंद करायला."

मला खरोखर समजायला वेळ लागला. मी पंख्याचं खोकं हातात धरून उभा. मी विचारलं, "आज?"

"रोज नाही," ती म्हणाली. "बऱ्याचदा."

"पण मी विचारलं होतं तुला. मी काकांची पेटी आणली. मी अॅडॅप्टर—"

"हो. सांगणार होते. तू इतकं मन लावून सांगत होतास."

मग ती बोलली. फोनवरचं ते बाळाचं अॅप तिने केव्हाच काढून टाकलं होतं, तरी निरोप यायचे: तुमचं बाळ आता मान धरू लागेल, तुमचं बाळ आता आवाजाकडे वळेल. कुठून यायचे कळत नाही. कपड्यांच्या दुकानाचे यायचे. शिकवणीच्या मुलांच्या आयांचे यायचे, त्यांना ठाऊक नव्हतं. ताईचे यायचे. "एक प्लग काढला की सगळं गप्प. फोन असून नसल्यासारखा. मग मी इथे बसायचे. ही तिची खोली ना."

मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "फोनच बंद करायचास."

"सुरुवातीला फोनसाठीच केलं," ती म्हणाली. "मग माझ्या लक्षात आलं, हा बंद पडला की तू आल्याबरोबर या खोलीत येतोस. नाहीतर दारावरून डोळे मिटून गेल्यासारखा जातोस. मला वाटायचं, आलाय तर आज बसेल इथे जरा. पण तू त्याच्याशी बोलायचास, लॅपटॉपशी, आणि उठून जायचास."

मी खाली बसलो. बसायला जागा नव्हती, पाळण्याच्या खोक्याला पाठ लागली.

ती म्हणाली, "तू बघितलंस ना तिला?"

"हो."

"हातात घेतलंस?"

"हो."

"आई म्हणाली, कोणीच बघितलं नाही, लगेच नेलं."

मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही रे, कशी होती ती. माझी भूल उतरली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. तुला विचारलं तर तू दिव्याची नळी सांगतोस."

मला वाटलं होतं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तेवढा भाग पुसला गेलाय असं मी धरून चाललो होतो. पण तोंड उघडलं तर होतं सगळं. केस होते, म्हणालो. खूप. ओले, कपाळाला चिकटलेले. कान माझ्यासारखे, वरची कड दुमडलेली. डावा जास्त. नाक सांगता येत नाही, जरा दबलेलं होतं. नखं वाढलेली होती, कापायला झालेली. बोटं लांब, तुझ्यासारखी. ओठ काळपट होते, ते बघवले नाहीत म्हणून मी बोटं बघत बसलो.

ती एकेक विचारत गेली. डोळे? मिटलेले. भुवया? होत्या, अगदी पुसट. अंगावर काय होतं? पांढरं, दवाखान्याचं. जड होती? होती. मी म्हणालो, इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. हात भरून आला होता.

"गार होती?"

"नाही," मी म्हणालो. "गरम होती. तुझ्यातूनच आली होती ना नुकती."

मग ती रडली. मला रडू आलं नाही. मी तिच्या शेजारी सरकून बसलो, एवढंच. ऊन समोरच्या भिंतीवर चढत चढत गेलं. कोणाचाच फोन वाजला नाही, कारण प्लग अजून तिच्या मांडीवर होता.

मघापासून सारखं मनात येतंय की दुसरा प्रकार नव्हताच. ड्रायव्हरची त्यात काही चूक नव्हती. मी इतके दिवस काय शोधत होतो कोण जाणे.


११ मार्च, बुधवार

कोळीचं उत्तर: "कोड ठीक. सोबतचं वर्णन भिकार आहे. 'वायफाय बंद पडण्याचा दोष दुरुस्त केला' हे काय वर्णन झालं? काय होत होतं, कधी होत होतं, तुला काय दिसलं, ते लिही. दहा वर्षांनी हा कोड वाचणारा तुला विचारायला येणार नाही."

बसून लिहिलं. तीन परिच्छेद झाले. मास्तरणीने तपासले, व्याकरण आणि गणित दोन्ही. "ही फट म्हणतोस ती किती मोठी?" विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढ्या फटीत ते नेमकं सापडायची शक्यता किती कमी!" मी म्हणालो, कमी आहे, पण पाकिटं फार असतात. तिने पेन्सिलने बाजूला एक छोटा हिशेब मांडला आणि मान हलवली. शिकवण्या बंद झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या हातात पेन्सिल बघितली.

आम्ही तिच्याबद्दल रोज थोडं बोलतो. बोलतो म्हणजे, ती तेच तेच विचारते आणि मी तेच तेच सांगतो. काल तिने कानांचं परत विचारलं. माझा कान ओढून बघितला.

मला अजून काही वाटत नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."


१५ मार्च, रविवार

सकाळी उठलो तर पॅच आत गेलेला होता. पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. कोळीने शेवटी एकच शब्द लिहिला होता, "घेतला." सिस्टरने लिहिलं की शेजारच्या दोन केंद्रांतल्या डब्याही तिने स्वतःच दुरुस्त केल्या, आता ती तिकडची इंजिनिअर झालीय. मास्तरणीला वाचून दाखवलं. त्या अडलेल्या बाळंतपणाचंही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तिला लिही, बरं झालं म्हणून." लिहिलं.

दहाच्या सुमारास बाजारात गेलो, दोघं. जानेवारीनंतर ती पहिल्यांदाच बाहेर पडली. फळवालीकडे थांबलो. गरोदर असताना मास्तरीण रोज तिच्याकडून सफरचंदं न्यायची, दोघींची चांगली गट्टी होती. मला वाटलं होतं, कोणीतरी तिला सांगितलं असेल. कोणी सांगितलं नव्हतं.

"अगंबाई! किती दिवसांनी!" ती ओरडली. "मोकळी झालीस की! काय झालं?"

मी पुढे होणार होतो. काय म्हणायचं ते ठरवत होतो. मास्तरीण म्हणाली, "मुलगी झाली. राहिली नाही."

फळवालीने हातातलं फळ खाली ठेवलं. हात पदराला पुसले आणि मास्तरणीचा हात धरला. अरेरे नाही म्हणाली, पुन्हा होईल नाही म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "कोणावर गेली होती गं?"

"याच्यावर," मास्तरीण म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने, सरळ सांगत सुटली. "कान तर हुबेहूब. डावा जास्त दुमडलेला. केस मात्र इतके, इतके होते, काळेभोर. आणि बोटं माझी. नखं अशी वाढलेली, म्हटलं आल्या आल्या कापायला लागणार."

'म्हटलं' म्हणाली ती. जणू तिनेच बघितलं होतं. जणू त्या दुलईवर ती वाकली होती आणि मनाशी असं म्हणाली होती.

मी पिशवी धरून उभा होतो. आधी मला वाटलं, चक्कर येतेय. मग आवाज आला आणि तो माझा होता. भर बाजारात. माणसं वळून बघत होती, मला थांबवता येईना, आणि थांबवायचं आहे असंही वाटेना. फळवालीने तिचं बसायचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस रे बाबा, बस," म्हणाली. मी बसलो. स्टूल बुटकं होतं, गुडघे छातीशी आले. मास्तरणीने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि माझ्या मागे उभी राहिली, पोटाला माझं डोकं टेकवून.

गिऱ्हाइकं आमच्या बाजूने हात घालून फळं निवडत होती. फळवाली सगळ्यांना सांगत होती, "थांबा जरा. थांबा. त्यांचं होऊ द्या."